सिक्युरिटीला बूट दरवेळी वाजतोय? नवीन जोड घ्यायच्या आधी हे करून बघा

प्रॉब्लेम आधी नीट सांगतो, कारण मी एअरलाइन पायलट आहे आणि मागच्या वर्षभरात निदान दहा-बारा ज्युनिअर पायलट मुलामुलींनी मला हेच विचारलंय. पहाटेची फ्लाइट, युनिफॉर्म कडक इस्त्रीचा, काळे लेदरचे बूट चकाचक पॉलिश केलेले, फोन, घड्याळ, बेल्ट सगळं ट्रेमध्ये टाकून झालं, तरी मेटल डिटेक्टरच्या डोअर फ्रेममधून गेलं की वाजतंच. मग जवान हातातली मेटल डिटेक्टरची काठी वरपासून खालपर्यंत फिरवतो आणि ती बुटापाशी आली की कुंईं. मग "सर, जूते निकालिए", मग बूट एक्स-रेमधून जाणार, तोवर आपण मोज्यांवर उभे. आज झालं, काल झालं, परवा लेओव्हरहून निघताना झालं. बूट हजाराचा असो की आठ हजारांचा, काही फरक नाही.

जवानावर चिडायचं काहीच कारण नाही, तो त्याचं काम करतोय आणि ते त्याने तसंच करावं, आपण त्याच विमानात बसणार असतो. पण पॅसेंजरचं हे वर्षातून चार-सहा वेळा होतं आणि आपलं महिन्यातून वीस-पंचवीस वेळा. रिपोर्टिंग टाइम ठरलेला, त्यात बीए टेस्ट म्हणजे दारूसाठी श्वासाची तपासणी, ब्रीफिंग, फ्युएलचा आकडा, वेदर, नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचना, मग विमान उभं असतं त्या बेपर्यंतची चाल, आणि यात मधेच वाकून लेस सोडा-बांधा. जुलैमध्ये मुंबईत तर सिक्युरिटीची फरशी लोकांच्या छत्र्यांनी आणि बुटांनी ओलीच असते, मोजा एकदा ओला झाला की तो चार सेक्टर, म्हणजे चार फ्लाइट, तसाच बुटात कोंडून राहतो, संध्याकाळी पाय काढला की बोटं पांढरी पडलेली. हे मी सहा-सात वर्षं सहन केलं. उपाय शोधायला लागलो तेव्हा पहिले दोन उपाय चुकीचे केले आणि त्यातल्या एकाने टाचेचं दुखणं मागे लावलं, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. बरेच जण म्हणतात की अमेरिकेत तर बूट काढायचं बंदच झालं, आता कशाला विचार करायचा. तिथे २००१ च्या डिसेंबरमध्ये पॅरिस-मायामी फ्लाइटवर एकाने बुटात लपवलेला स्फोटक पेटवायचा प्रयत्न केला, त्यानंतर २००६ पासून सगळ्यांना बूट काढायला लावायचे, आणि जुलै २०२५ मध्ये ती सक्ती उठवली हे खरं आहे. पण उठली ती सरसकट काढायची सक्ती. बुटात लोखंड असेल आणि मशीन वाजलं तर तिथेही थांबवणारच. आणि आपल्याकडे सगळ्यांनी काढायचेच असा प्रकार नव्हताच मुळी, आपल्याकडे काठी वाजली किंवा जवानाला सोल जाड वाटला की काढायला सांगतात. १९९९ च्या आयसी-८१४ विमान अपहरणानंतर सीआयएसएफ, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, एअरपोर्टवर आली, २००० मध्ये जयपूरपासून सुरुवात झाली, तेव्हापासून आपल्याकडची पद्धत म्हणजे फ्रेम वाजो न वाजो, प्रत्येकाची हाताने आणि काठीने तपासणी. त्यामुळे आपला प्रश्न फ्रेमचा कमी आणि काठीचा जास्त आहे. हे लक्षात ठेवा, कारण लोक फ्रेमवरून अंदाज बांधतात आणि तिथेच फसतात.

फ्रेम कशाने वाजली हे आधी वेगळं काढा. आपल्या युनिफॉर्ममध्येच धातू भरपूर आहे, छातीवरचे विंग्ज म्हणजे पायलटचा पंखांचा बिल्ला, नावाची पट्टी, खिशातलं पेन, बेल्टचं बक्कल, टाय पिन लावत असाल तर ती. नव्या फ्रेमच्या बाजूच्या खांबावर उभी लाइट असते, ज्या उंचीवर धातू सापडला तिथला भाग पेटतो. आपण पुढे निघून गेलेलो असतो म्हणून ती कधी बघत नाही. एकदा मागे वळून बघा किंवा जवानाला विचारा, "दादा, कुठे दाखवतंय?" छातीपाशी पेटत असेल तर विंग्ज, कमरेपाशी तर बेल्ट, आणि अगदी खाली घोट्यापाशी पेटत असेल तरच बूट. शिवाय काही फ्रेममध्ये मधूनमधून आपोआप वाजायची सेटिंग असते, म्हणजे अंगावर काही नसलं तरी शंभरातल्या काही जणांना थांबवायचं म्हणून. त्यामुळे एखाद्या दिवशी वाजलं म्हणून लगेच बूट बदलायला धावू नका. सलग आठ-दहा वेळा खालची लाइट पेटली तर बूट नक्की.

आता काठी. माझा प्रश्न इथे सुटला, आणि तो सोडवला पुण्याच्या एअरपोर्टवरच्या एका जवानाने. सोलापूरकडचा होता, माझी नेमप्लेट बघून मराठीत बोलला. मी म्हटलं, रोज वाजतो हो हा बूट, नक्की काय आहे यात? तर त्याने मला बूट काढून ट्रेमध्ये ठेवायच्या ऐवजी हातात धरायला सांगितला, उलटा, सोल वर करून, आणि काठी सावकाश टाचेपासून टोकाकडे नेली. टाचेवर गप्प. टाच संपली, मधला कमानीचा भाग आला तिथे वाजायला लागली आणि पुढे पंज्याच्या फुगवट्यापाशी बंद झाली. परत उलट दिशेने, तेच. "साहेब, मधे पट्टी आहे लोखंडाची, बहुतेक फॉर्मल बुटात असते." दहा सेकंदांचं काम होतं आणि मी इतकी वर्षं ते कुणाला विचारलं नव्हतं.

तुम्हीही गर्दी नसताना, नम्रपणे, हे करून घ्या. कमानीत वाजलं तर पट्टी, म्हणजे शँक. टाचेत वाजलं तर खिळे. बाजूला किंवा वरच्या अंगाला वाजलं तर लेसच्या भोकांच्या धातूच्या रिंगा किंवा शोभेचं बक्कल. आणि पायात बूट असताना खाली जमिनीजवळच वाजतंय, हातात धरला की नाही वाजत, असं झालं तर ती जमिनीतली सळई आहे, काँक्रीटच्या फरशीखालचं लोखंड काठीला लागतं. म्हणून तर जवान पाय उचलायला सांगतात किंवा त्या बुटक्या लाकडी स्टेजवर उभं करतात.

शँक म्हणजे काय ते थोडं सविस्तर सांगतो, कारण हे नीट कळलं नाही की माणूस मी केली तीच चूक करतो. फॉर्मल बूट बाजूने बघा. मागे टाच दोन-अडीच सेंटिमीटर उंच, पुढे पंजा जमिनीला टेकलेला, आणि मधल्या कमानीखाली मोकळी जागा, तिथून उजेड आरपार दिसतो. म्हणजे आपलं वजन मधल्या भागात नुसतं हवेवर आहे. तिथे सोल खाली दबू नये म्हणून आतल्या आणि बाहेरच्या सोलच्या मधे एक पट्टी घालतात, बोटाएवढी रुंद, वीतभरापेक्षा कमी लांब, मधोमध एक उभी घडी पाडलेली म्हणजे ती वाकत नाही. स्वस्त आणि टिकाऊ म्हणून ती पूर्वापार स्टीलची. पण तीच पट्टी फायबरग्लासची, नायलॉनची किंवा जाड दाबलेल्या फायबर बोर्डचीही असते आणि काम तेच करते. वरून बूट बघून काहीही कळत नाही. एकाच ब्रँडच्या दोन मॉडेलमध्ये एकात स्टील आणि एकात नायलॉन असू शकतं, म्हणून "अमुक ब्रँड घे, वाजत नाही" असा सल्ला मी देत नाही आणि तुम्हीही ऐकू नका.

माझी पहिली चूक. पट्टी वाजते ना, मग पट्टी नसलेलाच बूट घेऊ, असा सरळ विचार केला. एकदम मऊ, हातात घेतला की चपलेसारखा दुमडता येईल असा काळा स्लिप-ऑन घेतला. सिक्युरिटीला गप्प, काढायला सोपा, पहिला आठवडा स्वर्ग वाटला. दीड महिन्याने सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की उजव्या टाचेत कोणी सुई खुपसल्यासारखी कळ. चार पावलं चाललं की कमी व्हायची म्हणून दुर्लक्ष केलं. डॉक्टरांनी बूट हातात घेतला, मधोमध पिळला, टॉवेलसारखा पिळला गेला. म्हणाले, हाच तुमचा आजार. पायाखालचा जो जाड पडदा टाचेपासून बोटांपर्यंत जातो तो दिवसभर ताणला जात होता, त्याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. बरं व्हायला पाच महिने लागले, रोज बाटली पायाखाली फिरवा, पोटरी ताणा, घरात अनवाणी चालू नका.

आणि आपल्या कामात हे का जास्त होतं तर लोकांना वाटतं पायलट बसूनच असतो. बसून असतो हे अर्धंच खरं. टर्मिनलमधली चाल, प्रत्येक सेक्टरला वॉक-अराउंड म्हणजे विमानाभोवती फिरून तपासणी, बसमधे चढ-उतार, एअरोब्रिजचा तो लोखंडी जिना जिथे पायरी पंज्यावर येते. आणि कॉकपिटमधे टाच फ्लोअरवर, पंजा पेडलवर. एअरबस ३२० मधे टेक-ऑफला धावताना रनवेची मधली रेघ पायानेच धरायची असते, पेडलवरून पुढचं चाक सहा डिग्रीपर्यंत फिरतं, आणि ब्रेक पेडलच्या वरच्या भागात, तो पंज्याने दाबायचा. मुंबईत पावसाळ्यात २७ नंबरच्या रनवेवर डावीकडून नैऋत्येचा झोडपणारा वारा असतो तेव्हा उतरताना पायाला काय काम असतं हे सांगायला नको. तेव्हा बूट मधे दुमडला तर पेडलची कड सरळ कमानीत घुसते. मऊ बुटात हेच व्हायचं, मला कळतच नव्हतं की पेडल मला टोचतंय.

दुसरी चूक याच्या बरोबर उलट. टाच दुखतेय म्हणून वरून फॉर्मल दिसणारा पण खाली स्पोर्ट्स शूचा जाड फुगीर सोल असलेला बूट घेतला. चालायला फार छान, एअरपोर्टवर कितीही चाला. पण पेडलवर पाय ठेवला की मधे गादी. किती दाबलंय याचा अंदाज येईना, टॅक्सी करताना ब्रेक लागायचा तो झटक्यात लागायचा, शेजारच्या कॅप्टनने सौम्यपणे विचारलं देखील की आज ब्रेक असे का. शिवाय सोल रुंद असल्यामुळे कड शेजारच्या भागाला घासायची. आणि सोल जाड दिसला की काठी न वाजताही जवान बूट एक्स-रेला पाठवतात, त्यांच्या जागी मी असतो तर मीही पाठवला असता. म्हणजे दोन्हीकडून तोटा.

तेव्हा हवं काय ते एका वाक्यात: पट्टी हवीच, फक्त ती धातूची नको, आणि सोल पातळ हवा पण पिळला जाणारा नको.

दुकानात हे ओळखायचं कसं. सेल्समनला "इसमें मेटल है क्या" विचारून उपयोग नाही, तो बिचारा नाहीच म्हणणार, त्याला माहीतच नसतं. डब्यावर "नॉन-मेटॅलिक" किंवा "एअरपोर्ट फ्रेंडली" छापलेलं असेल तर चांगलंच, तरी तपासा. मी खिशात एक छोटा निओडिमियम मॅग्नेट नेतो, नखाएवढा, दोऱ्याला बांधलेला. फ्रिजवरचा मॅग्नेट नको, तो फार दुबळा, आतली पट्टी सोलच्या जाडीखाली असते तिथपर्यंत त्याची ओढ पोचत नाही. बूट आडवा धरायचा, दोरा लोंबकळता ठेवून मॅग्नेट कमानीच्या बाहेरून जवळ न्यायचा. स्टील असेल तर मॅग्नेट सरळ लोंबत राहत नाही, बुटाकडे तिरका ओढला जातो, डोळ्याला स्पष्ट दिसतं. तसाच तो टाचेखाली फिरवा, खिळे असतील तर तिथेही ओढ लागेल. मग लेसच्या भोकांजवळ.

मॅग्नेट नसेल तर फोन. फोनमधे कंपाससाठी सेन्सर असतो, मेटल डिटेक्टर नावाची फुकट अ‍ॅप्स तोच आकडा दाखवतात. मोकळ्या हवेत आपल्याकडे साधारण ४० ते ५० मायक्रोटेस्ला असतो, कमानीवर फोन टेकवून हळू फिरवला आणि आकडा एकदम उसळला तर आत लोखंड आहे. सेन्सर बहुतेक फोनमधे वरच्या टोकाकडे असतो, म्हणून ते टोक बुटावर. आणि हे दुकानाच्या लोखंडी रॅकपाशी करू नका, मधे मोकळ्या जागेत या, नाहीतर प्रत्येक बूट वाजल्यासारखाच दिसेल.

एक अडचण सांगून ठेवतो. मॅग्नेट आणि फोन दोघांनाही फक्त लोखंड-स्टील कळतं. अ‍ॅल्युमिनियम किंवा पितळ कळत नाही, सिक्युरिटीच्या मशीनला मात्र कुठलाही वीज वाहणारा धातू कळतो. म्हणून लेसच्या रिंगा मॅग्नेटला चिकटल्या नाहीत म्हणून प्लास्टिकच्या आहेत असं समजू नका. शक्यतो रिंगाच नसलेला, नुसती लेदरला भोकं पाडलेला बूट घ्या, साध्या डर्बीमधे, म्हणजे लेसच्या फॉर्मल बुटाच्या एका प्रकारात, असे भरपूर मिळतात.

मग हाताची परीक्षा. एक हात टाचेला, एक टोकाला. वाकवा: पंज्याच्या फुगवट्यापाशी, जिथे बोटं सुरू होतात तिथे वाकला पाहिजे, कमानीत नाही. पिळा: थोडा पिळला जावा, टॉवेलसारखा नाही. मॅग्नेट गप्प आणि कमान कडक, असा बूट सापडला की तोच घ्यायचा, दोन हजार जास्त पडले तरी. आणि सपाट वेज सोलचे बूट, म्हणजे ज्यांच्या कमानीखाली मोकळी जागाच नाही, त्यांना पट्टीची तशी गरज नसते, तेही चालतात, फक्त सोल पातळ आहे ना आणि तुमच्या कंपनीच्या ग्रूमिंग मॅन्युअलला तो आकार चालतो ना बघा. बऱ्याच ठिकाणी काळं, साधं, पॉलिश होणारं लेदर एवढंच लिहिलेलं असतं, काही ठिकाणी लेस सक्तीची.

आता ज्यांच्याकडे आधीच आवडता, पायाला बसलेला जोड आहे आणि तो वाजतो त्यांच्यासाठी. फेकू नका. मी माझा जोड चेंबूरजवळच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत नेला, तिथे घराघरात बूट बनतात, वर राहायला आणि खाली कारखाना. एका वयस्कर काकांनी बूट हातात घेऊन अंगठ्याने कमान दाबली आणि मी काही सांगायच्या आत म्हणाले, लोखंड आहे. आतला पातळ सुखतळा काढला, खालचा बोर्ड टाचेकडून थोडा उचलला, आणि पकडीने ती पट्टी बाहेर ओढली. ओढताना करकर आवाज आला. हातात घेतली तर कडेला तांबूस गंज चढलेला, एवढ्या वर्षांचा घाम आणि पाऊस पिऊन. मी म्हटलं हीच का ती. त्यांनी त्या मापाची फायबरची पट्टी कात्रीने गोल कोपरे करून कापली, सोल्युशन लावून बसवली, वर बोर्ड चिकटवला, फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, चढवून रात्रभर ठेवला. दुसऱ्या दिवशी बूट तोच, वजनाला किंचित हलका, कमान तशीच कडक. तेव्हापासून त्या जोडात काठी कमानीला एकदाही वाजली नाही. हे काम चिकटवलेल्या सोलच्या बुटात सोपं आहे, पूर्ण शिवणीच्या बुटात सोल उसवावा लागतो, तिथे कारागीर ओळखीचा आणि हाताचा चांगला हवा. स्वतः घरी स्क्रूड्रायव्हरने प्रयत्न करू नका, एका मित्राने केला, बोर्ड फाटला आणि तो जोड गेलाच. आणि पट्टी काढून रिकामं ठेवायला तर कारागिराला अजिबात सांगू नका, का ते वर सांगितलंय.

पट्टी बदलली तरी वाजत असेल तर आतला आर्च सपोर्ट बघा. मेडिकलमधून आणलेल्या काही इनसोलमधे पातळ धातूची पत्ती असते. ते प्लास्टिक किंवा ईव्हीए फोमचे घ्या. घोट्याचं किंवा पायाचं ऑपरेशन होऊन आत स्क्रू-प्लेट असेल तर बूट कितीही बदला, काठी वाजणारच. तिथे तपासणी सुरू व्हायच्या आधीच जवानाला सांगायचं, डॉक्टरांचं पत्र फोनमधे ठेवायचं, बूट काढून पाय दाखवायचा, विषय संपला.

मापाबद्दल फार लिहीत नाही पण दोन गोष्टी. बूट संध्याकाळी घ्या, शक्यतो ड्यूटीवरून उतरल्यावर. केबिनचं प्रेशर वर उंचीवर उडताना सहा ते आठ हजार फुटांवर असल्यासारखं असतं आणि तासन् तास पाय खाली सोडून बसलेलो असतो, पाय सुजतातच. सकाळी दहाला बरोबर बसलेला बूट तिसऱ्या सेक्टरला आवळतो. युनिफॉर्मचेच मोजे घालून बघा, दोन्ही पायांत घाला, आणि दुकानातल्या स्टुलावर बसून पेडलवर ठेवतो तसा पाय समोर ठेवून पंजा दाबून बघा. टाच मागून निसटत असेल तर तो बूट सोडा. इमर्जन्सीत स्लाइडवरून उतरल्यावर रनवेवर चालायचं आहे, तेव्हा बूट पायात राहिला पाहिजे. माझा स्लिप-ऑनवरचा विश्वास उडण्याचं हेही एक कारण.

सोल कशाचा, हे आपल्या हवेत फार महत्त्वाचं आहे. पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेनचे, सोल हलके आणि आरामाचे असतात पण दमट हवेत आतून कुजतात, बूट घालत नसलात तरी. कपाटात दोन-तीन वर्षं जपून ठेवलेला नवाकोरा जोड काढला आणि वॉक-अराउंडला सोल भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून आला, असं माझ्या डोळ्यांसमोर एका फर्स्ट ऑफिसरचं झालंय. मुंबई, कोकण, गोव्याला बेस असेल तर रबर सोल बघा, आणि पीयू घेतलाच तर जपून न ठेवता घालून संपवा. नक्षी थोडी खोल हवी, अ‍ॅप्रनवर, म्हणजे विमानं उभी असतात त्या जागेवर, पाणी आणि विमानाचं इंधन एकत्र झालं की गुळगुळीत लेदर सोल घसरतो. हायड्रॉलिक ऑइलच्या थारोळ्यात पाय पडला तर लगेच पुसा, ते स्कायड्रॉल नावाचं ऑइल बऱ्याच प्लास्टिकना आणि चिकटवलेल्या जोडाला खातं, आणि ते हाताने पुसू नका. जमलं तर दोन जोड आलटून पालटून घाला, घामाने ओलं झालेलं लेदर वाळायला एक दिवस तरी लागतो. पावसात रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, सकाळी काढा, हॉटेलच्या हेअर ड्रायरने वाळवू नका, लेदर तडकतं.

बायकांच्या बुटांबद्दल वेगळं लिहायलाच हवं. आपल्या देशात बायका पायलटचं प्रमाण जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त आहे आणि तरीही लेडीज मापात काळा, लेसचा, पातळ सोलचा साधा लेदर बूट शोधायला गेलं की दुकानात एकतर शाळेचा बूट दाखवतात नाहीतर हिलवाला. उंच निमुळत्या हिलच्या आत बहुतेक वेळा स्टीलचा दांडा असतो, शिवाय कमान जास्त उंच म्हणून पट्टीही जाड, म्हणजे तो वाजणारच, आणि पेडलवर टाच टेकवायलाही तो कामाचा नाही. माझ्याबरोबर उडणाऱ्या एका कॅप्टन ताईने शेवटी मुलांच्या सेक्शनमधून पाच नंबरचा डर्बी घेतला, रुंदी जास्त होती म्हणून पुढे पातळ इनसोल आणि मागे टाचेला पॅड लावून बसवला. चार वर्षं झाली, तोच मॉडेल परत घेते. ठक्कर बाप्पाला पायाचं माप देऊन नवीन बूट बनवून मिळतो, मला वाटतं बायकांसाठी खरा उपाय तोच आहे, ऑर्डर देतानाच पट्टी फायबरची, टाचेला खिळा नको, भोकांना रिंग नको हे तिन्ही सांगून टाकायचं.

एक मात्र आहे. हे सगळं करूनही कुठला बूट "कधीच काढावा लागणार नाही" असा नसतो. काही परदेशी एअरपोर्टवर बॉडी स्कॅनर आहेत, त्यांना बुटाच्या सोलच्या आतलं दिसत नाही, म्हणून तिथे बूट वेगळा मागतात, त्यात धातू असो नसो. काढा म्हटलं की काढायचा. म्हणून लेस अशी बांधा की एका ओढीत सुटेल, आणि सिक्युरिटीच्या पलीकडे बसून बांधा, ट्रेपाशी वाकून नको, मागच्यांचा खोळंबा होतो.

आणि ज्यांचा बूट आधी वाजत नव्हता आणि अचानक वाजायला लागला, त्यांनी आठवून बघा, मधे टाच बदलून घेतली होती का? माझ्या त्याच दुरुस्त केलेल्या जोडाचं तसं झालं. स्टेशनबाहेर बसणाऱ्या काकांकडे टाच लावायला दिला, त्यांनी मनापासून मजबूत करून दिला, एका टाचेला सात खिळे आणि कडेला लोखंडी नाल. दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टाचेवर कुंईं. तेव्हा देतानाच सांगा की नाल नको, खिळा नको, फक्त सोल्युशन आणि वरून शिलाई, पैसे जास्त घ्या, आणि बूट परत घेताना तिथेच उभं राहून मॅग्नेट फिरवून घ्या.